संध्याकाळचा पैरा

'संध्याकाळी सात वाजता मीटिंग हाय.'

हा निरोप मी लहानपणापासून ऐकतेय. आधी बापाला यायचा. आता नवऱ्याला येतो. मला कधी आला नाही. मला येतो तो दुसराच निरोप : 'सातआठ जण येतायत, च्या टाक.'

दोस्तांनो, मुंबई-पुण्यात बसून हे पान वाचणाऱ्या साथींनो, मी कुंडलची. तालुका पलूस, जिल्हा सांगली. चळवळीतल्या माणसाची मुलगी, चळवळीतल्या माणसाची बायको. मी स्वतः चळवळीत आहे की नाही, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. ते आज मीच ठरवून टाकते आणि माझा पहिला ठराव मांडते : सात वाजताची मीटिंग रद्द करा. नाहीतर सात वाजता घरात काय चाललेलं असतं, त्यावरच एक मीटिंग घ्या.

काय चाललेलं असतं? ऐका.

पलूसच्या औद्योगिक वसाहतीत एका ठिकाणी मी पॅकिंगला आहे. साडेपाचला सुटते. वडाप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून घरी यायला साडेसहा. चपला काढायच्या आत धाकटी कमरेला. ती चार वर्षांची. थोरला सात वर्षांचा, त्याचं गणित राहिलेलं असतं आणि पेन्सिल सापडत नसते. नळाला पाणी यायची हीच वेळ. भांडी सकाळची. सासूला डोळ्यानं कमी दिसतं, तरी बिचारी तांदूळ निवडून ठेवते, त्यात खडे राहतात. गॅसवर एकीकडं आमटी, दुसरीकडं तवा. भाकरी थापायला दोन्ही हात लागतात, म्हणून पोरीच्या हातात मोबाईल द्यायचा. ती गप्प बसते. आणि सव्वासातला सोप्यातून हाक : 'च्या झाला का गं?'

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. ३ जानेवारीच्या सावित्रीबाई जयंतीची तयारी चाललेली. मीटिंग आमच्याच सोप्यात. भाषणाचा विषय ठरत होता : स्त्री-पुरुष समता. वाद रंगला होता, विषय चांगला होता. मी एकदा चहा दिला. मग दुसऱ्यांदा दिला. नऊला ताट करून वळले, तर धाकटी भिंतीला टेकून झोपलेली. मांडीवर मोबाईल चालू, हातात पाच रुपयांच्या पुड्यातलं अर्धं बिस्कीट. हलवली, उठवली, घास तोंडाला लावला. तिनं डोळे न उघडता मान फिरवली. त्या आठवड्यात ती अशी तिसऱ्यांदा झोपली होती.

माझी आजी सांगायची, आमची पोरं उपाशी निजायची कारण मडक्यात पीठ नसायचं. आपल्या कथा-कवितांत ही भूक पानोपानी आहे. पण माझ्या डब्यात पीठ होतं. गॅस होता. आमटी उकळून तयार होती. आणि तरी पोरगी उपाशी झोपली. पीठ होतं, हात नव्हता. आजीच्या काळातली भूक सावकारानं लादली, पाटलानं लादली, गावकीनं लादली. या भुकेचा जबाब कुणाला विचारायचा? तो तर सोप्यात बसून समतेचा मजकूर लिहीत होता. आणि त्यात मीही आहे. कारण दुसऱ्यांदा चहा मीच टाकला.

दुसऱ्या दिवशी कामावर बायकांना सांगितलं. प्रत्येकीकडं हीच कहाणी, पोरांची नावं तेवढी वेगळी. आणि प्रत्येकीकडं सल्लाही एकच : मॅनेज करायला शिक. पहाटे चारला ऊठ. मटकीला रविवारीच मोड आणून ठेव. लसूण सोलून ठेव, वाटण करून ठेव. टीव्हीवरच्या बायका हेच सांगतात, मोबाईलवरच्या बायका हेच सांगतात. यातलं सगळं मी करते. खोटं कशाला बोलू, त्यानं वीस मिनिटं वाचतात. पण त्या वाचलेल्या वीस मिनिटांवर लगेच दुसरं काम येऊन बसतं. कारण घोटाळा वेळेचा नाही, वाटणीचा आहे. भाऊ-भाऊ वेगळे झाले की घराची वाटणी होते, भांड्यांची होते, उंबऱ्याबाहेरच्या दगडाचीसुद्धा होते. संध्याकाळची वाटणी कुणी मागत नाही.

आणि मॅनेज करायचं म्हणजे काय? मॅनेजर कारखान्यात असतो. त्याच्या हाताखाली माणसं असतात, त्याला पगार असतो. इथं मॅनेजर मी, कामगार मी, पगार शून्य आणि भाकरी करपली तर मेमोही मलाच.

आमच्या कुंडलला इतिहास कमी नाही. १९४३ ते १९४६ या काळात इंग्रजांना न जुमानता जे प्रतिसरकार चाललं, त्याची कुंडल ही राजधानी. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, तुफान सेना. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ इंग्रजांच्या पगाराचा पैसा नेणारी आगगाडी लुटली. हे सगळं आम्हाला तोंडपाठ आहे आणि त्याचा अभिमान आहे. पण रानात लपलेल्या त्या माणसांनी रात्री काय खाल्लं? घराघरातून भाकरी गेली. ती थापली बायकांनी, पोचवली बायकांनी, आणि पोलीस आले तर दारात उभ्याही त्याच राहिल्या. नाना पाटलांची मुलगी हौसाबाई स्वतः लढ्यात उतरल्या. त्यांचं नाव राहिलं, राहायलाच पाहिजे. पण चुलीपुढं बसून ज्यांनी ते सरकार जगवलं, त्यांची नावं कुठल्या खांबावर आहेत? बंदुका किती होत्या त्याचा हिशेब सापडतो. भाकऱ्या किती लागल्या त्याचा सापडत नाही.

कुंडलजवळच किर्लोस्करवाडी. औंधच्या राजानं दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथं कारखाना उभा केला. तेव्हा त्या स्टेशनचं नाव 'कुंडल रोड'. कारखान्याबरोबर घड्याळ आलं, पाळी आली, सुट्टी आली. कामाला सुरुवात असते आणि शेवटही असतो, हे या माळावर तेव्हा कळलं. याच वाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. पांढरपेशा घरातल्या बाईला विचार करायला लावणारं. पुढं ते पुण्याला गेलं. आणि ५२ वर्षांनी, १९८२ साली, त्याच 'स्त्री'मध्ये फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' क्रमशः छापून आलं. बेबीताईंनी ते कधी लिहिलं? पोरंबाळं सांभाळून, किराणा दुकानात गिऱ्हाईक नसताना. घरात कळू नये म्हणून वर्षानुवर्षं लपवून. एका समाजाचा इतिहास एका बाईनं चोरलेल्या वेळात लिहिला. वेळ तिचाच होता, तरी चोरावा लागला. साथींनो, अशा किती जणींना चोरीही जमली नसेल, याचा अंदाज करा.

वेळ ही लढून मागायची गोष्ट आहे, हे आम्हाला आमच्याच माणसांनी शिकवलं. जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढा दिला आणि १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेब बाळंतपणाच्या भत्त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि त्याचा काही भार सरकारनंही उचलावा असं म्हणाले. म्हणजे पोर जन्माला येणं ही एकट्या बाईची खाजगी भानगड नाही, समाजाचा मामला आहे. मजूरमंत्री असताना १९४६ साली त्यांनी कारखाने कायद्यात दुरुस्ती आणली आणि बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले.

आठ तास काम. उरलेले सोळा तास माणसाचे. पण माणूस म्हणजे कोण? माझे आठ तास साडेपाचला संपतात आणि साडेसहाला दुसरी पाळी लागते. तिला भोंगा नाही, हजेरी नाही, युनियन नाही. रविवार तर माझा सगळ्यात जास्त कामाचा वार. लोखंड्यांनी आणलेला रविवार गिरणीच्या फाटकापर्यंत आला, आमच्या चुलीपर्यंत अजून आलेला नाही.

हे माझं एकटीचं रडगाणं आहे असं वाटत असेल तर सरकारचा आकडा घ्या. सरकारनं लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. २०२४ च्या पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी वेळ २८९ मिनिटं, पुरुषांचा ८८ मिनिटं. आणि हे फक्त जे करतात त्यांचे आकडे. २०१९ च्या पाहणीत असं काम करणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या, पुरुष शंभरात २६. उरलेल्या ७४ जणांनी पाण्याचा तांब्याही स्वतः उचलला नव्हता असं मी म्हणत नाही. पण सांगण्याजोगं काही केलं नव्हतं. या पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली. पुरुषांची वाढली असतील म्हणता? त्यांची नऊ कमी झाली.

मग कायदा काय करतो? कायदा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात ५० पेक्षा जास्त बायका असतील तिथं पाळणाघर सांगितलं, १९७६ मध्ये तो आकडा ३० वर आणला. मालकाला हिशेब सोपा : बायका ३० च ठेव. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीत ५० कामगारांचा आकडा आला, मग ते बाप्ये असोत की बाया. म्हणजे पोरं बापाचीही असतात हे कायद्याला २०१७ साली कळलं. पण पन्नासच्या खालच्या छोट्या शेडमध्ये कामाला जाणाऱ्या बाईचं पोर कुणाचं? ते अजून कळायचं आहे.

२ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडीची योजना सुरू झाली. चांगलीच गोष्ट झाली. पण अंगणवाडी दुपारीच बंद होते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शाळेत पोरांना शिजवलेलं जेवण द्या. २००४ साली आणखी सांगितलं की ते शिजवायला दलित-आदिवासींना प्राधान्य द्या. ज्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं, त्या हातांनी गावाच्या पोरांना भात वाढायचा. स्वयंपाक हे राजकारण नाही असं म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच पोरं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. पोर सांभाळणं हे काम आहे आणि कामाला मजुरी असते, एवढं तरी कागदावर मान्य झालं. पण या सगळ्याची वेळ बघा. सकाळ आहे, दुपार आहे. दिवस मावळला की सरकार घरी जातं. आणि पोरं ताब्यात देऊन घरी गेलेली ती अंगणवाडीची सेविका? तिलाही घर आहे, पोरं आहेत, साडेसहा वाजतात. आणि महिन्याला तिला मिळतं ते मानधन, पगार नाही.

याच्याही खालची संध्याकाळ बघायची असेल तर गाळपाच्या हंगामात आमच्याकडं या. ऊस तोडायला बीडकडची माणसं येतात, शिवारात कोप्या घालून राहतात. 'कोयता' म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल घेताना कोयता एक, मोळ्या वाहताना माणसं दोन, आणि अंधार पडल्यावर तीन दगडांच्या चुलीपुढं बाई एकटी. तिचं पोर फडाच्या कडेला झोळीत दिवस काढतं. तिला कुणी सांगावं की मटकीला रविवारी मोड आणून ठेव?

जगात यावर कुणी काही केलं की नाही? केलं. आपल्याकडं अंगणवाडी सुरू झाली त्याच महिन्यात, २४ ऑक्टोबर १९७५ ला, आइसलँड नावाच्या छोट्या देशातल्या सुमारे ९० टक्के बायकांनी एक दिवस सगळं बंद ठेवलं. नोकरी बंद, स्वयंपाक बंद, पोरं सांभाळणं बंद. बाप पोरांना घेऊन ऑफिसात गेले. दुकानातले सॉसेज संपले, कारण पुरुषांना पोरांसाठी झटपट तेवढंच करता येत होतं. पाच वर्षांनी, १९८० ला, त्या देशानं एक बाई राष्ट्राध्यक्ष निवडली.

आणि त्याच १९७५ साली मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी खाणावळ चालवणाऱ्या बायांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. घाटावरून आणि कोकणातून गिरणगावात गेलेले आपले चुलते-मामे या बायांच्या हातचं जेवले. तिथं डब्याला भाव होता आणि महिन्याचा हिशेब होता. तीच भाकरी घरात थापली की तिला माया म्हणतात. मायेला माझी ना नाही. पोराच्या तोंडात घास घालताना मलाही बरं वाटतं. पण माया एकाच बाजूनं का? बापाला आतडं नसतं का?

आइसलँडसारखा एक दिवस बंद आम्ही ठेवला असता, तर पोरं उपाशी राहिली असती आणि शिव्या आम्हाला बसल्या असत्या. म्हणून आम्ही आमच्या मातीतली एक गोष्ट उचलली. पैरा.

शहरात वाढलेल्या साथींना हे ठाऊक नसेल. आमच्याकडं शेतकरी पैरा करतात. तुझा एक बैल, माझा एक बैल, आज तुझं रान, उद्या माझं. माणसांचाही पैरा असतो : आज पाचजणी तुझ्या भांगलणीला, उद्या त्याच पाचजणी माझ्या. पैसा नाही आणि उपकारही नाही. पण हिशेब चोख. ज्यानं पैरा फेडला नाही, त्याच्या रानात पुन्हा कुणी पाय टाकत नाही. आमच्या घरांना रान नव्हतं, बैल नव्हता. दुसऱ्याचा पैरा आम्ही बांधावरून बघितला. पण पोरं आहेत, चूल आहे, हात आहेत. म्हटलं, याचाच पैरा धरू.

डिसेंबरच्या त्या रात्रीनंतर वस्तीतली पाच घरं एकत्र आली. सोमवार ते शुक्रवार, एका वाराला एक घर. पोरं बारा. ज्याची पाळी त्याच्या घरी सहापासून सगळी पोरं. सातला त्यांची पंगत. पदार्थ एकच : खिचडी, नाहीतर आमटी-भात, कधी मटकीची उसळ, कधी अंड्याचं कालवण. शिधा ज्याची पाळी त्याचा. ज्याची पोरं जास्त, त्यानं तांदूळ थोडा जादा द्यायचा. गृहपाठ तिथंच, मोबाईल कुणालाच नाही. आठला ज्यानं त्यानं आपलं पोर घेऊन जायचं. म्हणजे एक संध्याकाळ माझी गर्दीची आणि चार संध्याकाळी मोकळ्या. मोठ्यांचं जेवण नऊला झालं तरी कुणी रडत नाही.

यात एक नियम सगळ्यांत महत्त्वाचा. पाळी घराची आहे, बाईची नाही. त्या दिवशी घरातला पुरुष हजर पाहिजे, आणि हजर म्हणजे उंबऱ्यात बसून मोबाईल बघत नाही. मी साडेसहाला येते, पोरं सहाला येतात. मधला अर्धा तास नवऱ्याचा. त्यानं भात लावायचा, पोरांचे हातपाय धुवायचे, ताटं मांडायची. जेवणं झाली की खरकटं त्यानंच काढायचं.

पहिल्या महिन्यात काय झालं ते लपवत नाही. एकानं आपल्या पाळीला बहीण बोलावून घेतली. पाळी त्याची, हात बहिणीचे. आम्ही वहीत लिहिलं : पैरा फिटला नाही. पुढच्या आठवड्यात त्याला दोन वार लावले. एकाच्या आईनं मला रस्त्यात गाठून विचारलं, 'माज्या ल्योकाला खरकटं काडाय लावतीस, तुजं हात झडलं का?' एकानं खिचडीत दोनदा मीठ घातलं, बारा पोरांनी तोंडं वाकडी केली, तेव्हापासून तो वाढायच्या आधी चाखून बघतो. माझा नवरा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, 'पीठ किती सैल पायजे?' नऊ वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदा आला. त्याची भाकरी अजून फुगत नाही. पोरं तिला 'पप्पाचा नकाशा' म्हणतात आणि खातात.

एक घर मध्येच सुटलं. तिथल्या मालकानं सांगितलं, 'आमच्यात बाप्ये चुलीम्होरं बसत न्हाईत.' त्याची दोन पोरं मात्र अजून येतात. सहाला दारात उभी असतात. पैऱ्याच्या नियमानं त्यांना परत पाठवायला पाहिजे. त्यावर आम्ही भांडलो. शेवटी ठरलं, पाठवायचं नाही. बापानं पैरा फेडला नाही म्हणून पोराच्या तोंडावर दार लावायचं, हा न्याय आम्हाला ठाऊक आहे. तो आम्ही पिढ्यान् पिढ्या दाराबाहेरून बघितलाय. तो आमच्या वहीत नको. त्या घराचा वार उरलेली चार घरं आलटून-पालटून घेतात. त्या बापाचं नाव मात्र थकबाकीत आहे, आणि ते दर आठवड्याला त्याला कळवलं जातं.

आता साथींचे सवाल.

पुण्याचा एक साथी म्हणाला, 'अत्याचार होतायत, शिष्यवृत्त्या अडकल्यात, पोरं बेकार हिंडतायत. अशा वेळी भात कुणी लावायचा हा चळवळीचा प्रश्न आहे का?' मित्रा, मोर्चाला माणसं कमी पडतात म्हणून तूच ओरडतोस. निम्मी माणसं सात वाजता पिठात हात घालून बसलीत, ती येणार कुठून? आणि दुसरी गोष्ट. १९३६ च्या आपल्या त्या न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात नुसतं काम वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच तोडून वर-खाली लावते. जन्मावरून काम चिकटवायचं आणि मग त्या कामाला हलकं म्हणायचं, ही जातीची रीत. मग जन्मावरून तवा कुणाच्या हातात चिकटला? आणि 'बायकी काम' म्हणून हलकं कुणी ठरवलं? गावानं आपल्याशी जे केलं, त्याचाच छोटा नमुना आपल्या स्वयंपाकघरात चालू ठेवायचा आणि सोप्यात बसून समतेवर वाद घालायचा, हे आता जमणार नाही.

मुंबईची एक मैत्रीण म्हणाली, 'तुमच्याकडं वस्ती आहे, आमच्याकडं कोण कुणाला विचारतं?' अगं, तुझ्या मजल्यावर दारं किती? पोराच्या वाढदिवसाला पंचवीस पोरं गोळा होतात की नाही? मग मंगळवारी पाच का होत नाहीत? लोकल गर्दीची, घर एका खोलीचं, नवऱ्याची पाळी फिरती, हे सगळं खरं. म्हणूनच एकटीनं उरकायचं नाही. तीन घरांनी सुरुवात कर. वही मात्र ठेव. वहीशिवाय पैरा होत नाही, पुन्हा कुणीतरी एकटी राबते आणि बाकीचे तिला अन्नपूर्णा म्हणतात.

पैरा झाला म्हणून सरकार सुटलं असंही नाही. कारखान्याच्या, औद्योगिक वसाहतीच्या, ऊसतोडीच्या ठिकाणी पाळणाघर पाहिजे. ते शेवटचं वडाप येईपर्यंत उघडं पाहिजे. तिथं काम करणाऱ्या बाईला पगार पाहिजे, मानधन नको. आम्ही चार घरं भात शिजवतो ते सरकारचं ओझं हलकं करायला नाही. आम्ही शिजवतो कारण पोरांना भूक आज लागते, अर्जाचा निकाल लागेपर्यंत ती थांबत नाही.

मार्चच्या मीटिंगला मी पहिल्यांदा बसले. चहा द्यायला नाही, बसायला. तीन तास बसले. बुधवार होता, पोरं दुसऱ्याच्या घरी जेवत होती. पहिला तास मला काही सुचेना, कान सारखा घराकडं. मग बोलले. वस्तीतल्या नळाच्या वेळेवर बोलले, कारण साडेसहाचं पाणी कुणाच्या सोयीचं आहे हे तिथं बसलेल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ठराव झाला, ग्रामपंचायतीत अर्ज गेला. पाण्याची वेळ अजून बदललेली नाही. पुढच्या मीटिंगलाही मी जाणार आहे.

आणि धाकटी? ती आता सव्वासातला पंगतीत बसते. शेजारच्या पोराच्या ताटातलं अंडं पळवते. परवा तिनं मला विचारलं, 'आई, आज कुणाच्या पप्पाचा भात हाय?' मी उत्तर दिलं आणि मग थांबले. माझ्या आजीनं, माझ्या आईनं, मी, आयुष्यात कधी हा प्रश्न विचारला नव्हता.

येत्या गुरुवारी पाळी आमच्या घरची आहे. मीटिंगही आमच्याच घरी. वेळ सातची नाही, सहाची. विषयपत्रिकेवर पहिला विषय : बारा पोरांचा भात. दुसरा विषय : सेविकांच्या पगाराचा मोर्चा. पहिला विषय संपल्याशिवाय दुसरा घेतला जाणार नाही. ज्याला समतेवर बोलायचं असेल, त्यानं हात धुवून यावं.

चहा ज्याचा त्यानं टाकायचा.

जय भीम.